पुण्यातला बंद फ्लॅट भाड्याने लावून देणारी सर्व्हिस : जळगावहून घेतलेला अनुभव

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक काबरं कापला ते खाली येईलच, पण जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इकडच्या ज्या ज्या लोकांनी पुण्यात फ्लॅट घेऊन नुसतं कुलूप लावून ठेवलंय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी मनापासून विनंती, कारण आपल्याकडे असे लोक खूप आहेत, माझ्याच नात्यात आणि शाळेच्या स्टाफमध्ये कितीतरी आहेत. सर्व्हिसचं नाव इथे टाकत नाहीये. पेंटिंगच्या बिलावरून त्यांच्याशी थोडी बोलाचाली झाली, ती मिटलीही, आता नाव घेऊन कोणाचा धंदा खराब करायचा नाही. आणि अशी कामं करणारे आता सिंहगड रोड, वाकड, खराडी सगळीकडे निघालेत, कोणाकडेही गेलात तरी बघायच्या गोष्टी त्याच.

सर्व्हिस काय आहे तर मालक बाहेरगावी, फ्लॅट पुण्यात बंद, हे लोक चावी घेतात, फ्लॅट राहण्यासारखा करतात, भाडेकरू शोधतात, भाडेकरार रजिस्टर करून देतात, पोलीस व्हेरिफिकेशन करतात, नंतर दर महिन्याला भाडं आलं का बघतात, नळ गळला तर प्लंबर पाठवतात. सुरुवातीला एक महिन्याचं भाडं ही त्यांची फी आणि नंतर दर महिन्याला भाड्याचे काही टक्के. आम्हाला सहा टक्के सांगितले होते, बोलून बोलून पाचवर आले.

आमचा फ्लॅट धायरीला, टू बीएचके. सासऱ्यांनी घेतलेला, आम्ही त्यांना नाना म्हणतो, झेडपीत शिक्षक होते, रिटायर झाल्यावर फंडाचा पैसा आला आणि त्या वेळी सगळेच पुण्यात घेत होते, रावेर-सावद्याकडचे केळीच्या पैशातून घेत होते, नोकरीवाले फंडातून. विचार सगळ्यांचा एकच की पोरं इंजिनिअरिंगला पुण्याला जातील, तिथेच नोकरीला लागतील, घर आपलं असलेलं बरं. आमच्याकडे दीर शिकले पुण्यात पण नोकरी लागली बंगलोरला, तिथेच लग्न तिथेच घर, आणि धायरीच्या फ्लॅटला कुलूप. वर्षातून एखाद्या वेळी मिस्टर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचे, झाडून पुसून, मेंटेनन्स आणि घरपट्टी भरून परत यायचे. भाड्याने देऊन टाकू म्हटलं की नाना एकच बोलायचे, "भाडेकरू एकदा घुसला का निघत नाही बेटा."

ही भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. नानांच्या पिढीने जळगावात जुन्या पेठांमधले वाडे बघितलेत, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात भाडं १९४० च्या दराला बांधलं गेलं होतं, म्हणजे मालकाला महिन्याला मिळणार दहा-वीस रुपये, त्यात तो कौलं बदलणार नाही, भाडेकरू म्हणणार घर माझं नाही मी काबरं खर्च करू, असं करत करत चांगले सागवानी वाडे पडले. मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने राहायच्या बिल्डिंगांचं तर सगळ्यांना माहितीच आहे, दर पावसाळ्यात कुठेतरी एखादी कोसळते. नानांच्या डोक्यात भाडेकरू म्हणजे तेच चित्र, आणि त्यांच्यासारख्या हजारो मालकांच्या डोक्यातही तेच असणार. त्यामुळे या सर्व्हिसला मी मार्क देताना पहिला प्रश्न हाच ठेवला होता की ही भीती घालवायला यांच्याकडे नक्की काय आहे, नुसतं "काळजी करू नका ताई" का आणखी काही.

पहिल्या भेटीचं काम त्यांनी छान केलं. मिस्टरांनी चावी दिली आणि त्यांच्या माणसाने पूर्ण फ्लॅटचा व्हिडिओ काढून पाठवला, खोली खोली करून. मला वाटायचं बंद घर म्हणजे थोडी धूळ असेल. पावसाळ्याच्या ओलीने मेन दरवाजा फुगून चौकटीत अडकलेला, खांदा मारून उघडावा लागला. मोरीच्या आणि बाथरूमच्या जाळीखाली जे पाणी साचून राहतं, ज्याच्यामुळे ड्रेनेजचा वास वर येत नाही, ते पाणी वापर नसल्याने पार सुकलेलं, म्हणून घरभर गटाराचा वास आणि झुरळं त्याच वाटेने वर आलेली. नळ सोडला तर आधी नुसती हवा फुसफुसली, मग विटकरी रंगाचं पाणी. गीझर आतून सडलेला. आणि बाल्कनीत कबुतरांनी जे केलं होतं ते तर लिहवत नाही, वॉशिंग मशीनच्या जागेवर काड्यांचा ढीग, त्यात अंडी, आणि फरशीवर वीतभर थर. एवढं चांगलं घर, नानांनी आयुष्यभर तालुक्यातल्या शाळांत खडू घासून जमवलेल्या पैशाचं, आणि त्यात राहत कोण होतं तर कबुतरं. मला तो व्हिडिओ बघून खरंच रडू आलं.

नानांना तो व्हिडिओ मुद्दाम दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले खर्च किती येईल ते विचार.

खर्चाचं एस्टिमेट त्यांनी लेखी दिलं हे चांगलं. त्यात प्लंबिंग, गीझर, दरवाजा तासणं, बाल्कनीला जाळी, पेस्ट कंट्रोल, रंग. जाळीचं काम तर एकदम पक्कं केलंय. पण रंगाच्या बाबतीत मी स्टार कापलाय. एस्टिमेटमध्ये साधा डिस्टेंपर लिहिला होता आणि बिलात प्लास्टिक पेंटचा दर लावला, वर "भिंतीला ओल होती म्हणून पुट्टी जास्त लागली" असं सांगितलं, ते खरं असेलही, पण आधी फोन करायला पाहिजे होता, जळगावात बसलेल्या माणसाला भिंत दिसत नाही. मी फोटो मागितले तर कामाच्या आधीचे होते, मधले नव्हते. शेवटी अर्ध्या वाढीव रकमेवर मिटलं. जो कोणी काम देईल त्याने आधीच लिहून घ्या की एस्टिमेटच्या वर एक रुपया जाणार असेल तर व्हॉट्सअॅपवर फोटो आणि होकार दोन्ही पाहिजे. दुसरी तक्रार बारीक आहे, महिन्याचा रिपोर्ट पाठवतो म्हणतात तो आठवण केल्याशिवाय येत नाही.

आता मुख्य गोष्ट, कागदपत्रं. इथे मात्र पूर्ण मार्क.

आपल्याकडे अजून खूप लोकांना वाटतं की ११ महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, रजिस्टर करायची गरज नाही. आमच्या स्टाफरूममध्ये तर चार जण तसं छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून, त्याच्या कलम ५५ मध्ये सरळ लिहिलंय की भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरतं राहायला द्यायचा करार), लेखीही पाहिजे आणि रजिस्टरही पाहिजे, महिने कितीही असोत. आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार रजिस्टर नसेल आणि पुढे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. म्हणजे जो मालक भाडेकरूला घाबरतो आणि पाचशे-हजार वाचवायला नोटरीवर भागवतो तो स्वतःच्याच हाताने स्वतःचं संरक्षण काढून टाकतो.

आणि करार नीट रजिस्टर असेल तर कलम २४ मालकाच्या बाजूने आहे. मुदत संपली, लायसन्सी म्हणजे अशा करारावर राहणारा जागा सोडत नाही, तर नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो बसेल तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं त्याला भरावं लागतं. सर्व्हिसवाल्या मुलाने, वय फार तर सत्तावीस-अठ्ठावीस असेल, नानांना फोनवर हे इतकं शांतपणे समजावलं, कलमं वाचून दाखवली, मराठीत, घाई न करता. नाना मास्तर माणूस, त्यांनी त्याला उलटे प्रश्न विचारले, जुना कायदा आणि नवा कायदा यात फरक काय, पागडीवाला कोण आणि लायसन्सी कोण, त्याला सगळं येत होतं. पंधरा वर्षं जे काम आम्हाला जमलं नाही ते त्याने एका फोनवर केलं, म्हणून मी म्हणते की चार स्टारांतले तीन त्या मुलाचे.

रजिस्ट्रेशनसाठी पुण्याला जावं लागलं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय आहे, तिकडे भाडेकरूंनी पुण्यात अंगठा दिला आणि इकडे जळगावात त्यांच्या ओळखीचा एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि थंबचं मशीन घेऊन घरी आला. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा घासलेला असतो, नानांचा काही केल्या लागेना, कोमट पाण्याने हात धुतले, टॉवेलने कोरडे केले, थोडं खोबरेल चोळून पुसलं, मग दुसऱ्या बोटावर एकदाचं हिरवं आलं. ज्यांच्या घरी वयस्कर मालक असतील त्यांनी याची तयारी ठेवा, आधार अपडेट नसेल तर आधी ते करून घ्या. खर्च सांगते म्हणजे कोणी तुम्हाला फसवणार नाही : मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, याच्या पाव टक्का. आमचं भाडं अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, ११ महिने, तर ते पाचशेच्या आसपास आलं. रजिस्ट्रेशन फी शहरी भागाला एक हजार, ग्रामीणला पाचशे. बाकी जे घेतात त्यात एजंटची मजुरी किती ते विचारा आणि त्यात घासाघीस करा.

डिपॉझिटबद्दल एक सांगते. सर्व्हिसवाले म्हणत होते आमच्याकडे ठेवा, सोडताना आम्हीच हिशोब करून देऊ. मी नाही म्हटलं. डिपॉझिट भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात आणि करारात तो ट्रान्झॅक्शन नंबर, हेच बरोबर. केंद्राने २०२१ ला जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही असं आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा असतो, आपल्याकडे अजून १९९९ चाच चालतोय. आम्ही तीन महिन्यांच्या आतच ठेवलं, पोरींना एकदम तेवढे पैसे काढायला सांगणं जिवावर येतं.

हो, पोरी. भाडेकरू कोण यावरून खरी चर्चा झाली. सर्व्हिसच्या फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न "फॅमिली ओन्ली?" आणि त्यांनी आमच्याकरता होकार आधीच टिक करून ठेवलेला. मी विचारलं काबरं, तर म्हणे ताई सगळे मालक तेच मागतात आणि सोसायटीही कटकट करते. आता बघा, आंबेगाव, नऱ्हे, वडगाव या पट्ट्यात आपल्या खानदेशातली किती मुलंमुली शिकतात आणि नोकरी करतात, माझ्या शाळेतल्या कित्येक विद्यार्थिनी तिथे आहेत, त्यांच्या आया मला बाजारात भेटल्या की सांगतात, एका खोलीत चार कॉट, एका कॉटचे सहा-सात हजार, कपडे वाळत घालायला जागा नाही, रात्री दहानंतर गेट बंद. आणि त्याच रस्त्यावर आपल्याच लोकांचे फ्लॅट बंद. म्हणजे चोपड्याची पोरगी कॉटवर झोपते आणि चोपड्याच्याच मास्तरचा फ्लॅट कबुतरांना. मला हे सहनच होत नाही. मी ठामपणे सांगितलं की नोकरी करणाऱ्या मुली असतील तर आधी त्यांना दाखवा. तीन मुली आल्या, एक चोपड्याची, दोन शिरपूरच्या, दोघी हॉस्पिटलात आणि एक आयटीत. प्रत्येकीला सहा हजार पडतात, तेवढ्याच पैशात जिथे कॉट मिळत होती तिथे आता दोघीत एक बेडरूम, एकीला दुसरी, आणि स्वतःचं स्वयंपाकघर. त्यांच्या आईवडिलांशी नाना स्वतः बोलले.

सोसायटीने अपेक्षेप्रमाणे विचारलं की परवानगी घेतली का. इथे सर्व्हिसच्या मुलाने पुन्हा चांगलं काम केलं, आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आगाऊ कळवायचं आणि कराराची व पोलीस व्हेरिफिकेशनची प्रत द्यायची एवढंच आहे, परवानगी मागायची नाही, हे त्याने लेखी देऊन टाकलं, गोड बोलून. चेअरमन काका नंतर नीट वागले, आता पोरींच्या पार्सलवरसुद्धा लक्ष ठेवतात.

पण पुढच्याच महिन्यात मेंटेनन्सच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस आले, आणि तिथून मला या सगळ्या प्रकरणाची खरी खाच कळली. मालक स्वतः राहत नाही आणि भाड्याने देतो म्हणून सोसायटी जास्तीचे पैसे घेते. सरकारने २००१ च्या ऑगस्टमध्ये आदेश काढून याला सोसायटीच्या सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली हे बरं झालं, नाहीतर सोसायट्या वाटेल ते घ्यायच्या, म्हणून तुमच्या बिलात तो आकडा जरूर तपासा, आमच्या बिलात जास्त लावला होता तो कमी करून घेतला. पण मुद्दा बघा ना, फ्लॅटला वर्षानुवर्षं कुलूप होतं तेव्हा हे चार्जेस शून्य. भाड्याने दिला, घरात माणसं आली, की लागले. घरपट्टीचंही तसंच, पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे, घर भाड्याने दिलं की ती जाते, आणि बंद घराला म्हणून वेगळा जादा कर काही नाही. इन्कम टॅक्सचं बघा, २०१९ च्या बजेटपासून दोन घरं "स्वतःच्या वापराची" दाखवता येतात, दोन्हीवर कागदोपत्री भाडं शून्य, म्हणजे जळगावचं राहतं घर आणि धायरीचं कुलूपबंद घर दोन्ही मोकळे. भाड्याने दिलं तर घरपट्टी आणि ३० टक्के वजावट काढून उरलेलं उत्पन्नात. टॅक्स भरायला माझी ना नाही, भाडं मिळतं तर भरलाच पाहिजे. पण जो घर बंद ठेवतो त्याला काहीच पडत नाही आणि जो उघडतो त्याच्यामागे तीन बिलं, मग लोक कुलूप लावून भाव वाढायची वाट बघत बसतील नाही तर काय करतील.

हे एकट्या आमच्या बिल्डिंगचं असतं तर इतकं लिहिलं नसतं. २०१० ला जनगणनेच्या घरयादीचं काम मी केलंय, आम्ही शिक्षकच करतो ते, दारोदार जाऊन फॉर्म भरायचे, घराचा वापर कशासाठी हा एक रकाना असतो, राहणं, दुकान, शाळा, आणि कोणीच वापरत नसेल तर रिकामं. बंद घर दिसलं की शेजारी विचारायचं, बाहेरगावी गेलेत का मुळात कोणी राहतच नाही, दोन्ही वेगळं लिहायचं. जळगावसारख्या ठिकाणीसुद्धा नव्या कॉलन्यांमध्ये तो "रिकामं" वारंवार लिहावा लागला. नंतर २०११ च्या जनगणनेचे आकडे आले, देशात शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत यावर सविस्तर आलं होतं, सगळ्यात जास्त रिकामी घरं महाराष्ट्रात, वीस लाखांच्या वर, आणि शहरांमध्ये मुंबई पहिली, जवळपास चार लाख ऐंशी हजार. मुंबईत, जिथे लोक आयुष्यभर झोपडपट्टीत काढतात! त्याच पाहणीत होतं की १९६१ ला शहरातली ५४ टक्के घरं भाड्याची होती आणि २०११ ला २८ टक्केच राहिली. आता २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची, तोपर्यंत हेच जुने आकडे धरून धोरणं ठरणार.

धोरण काय तर बांधा. राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे २०२५ ला मंजूर झालं, २००७ नंतर पहिल्यांदाच, "माझे घर, माझे अधिकार", २०३० पर्यंत ३५ लाख घरं. त्यात विद्यार्थी, नोकरदार महिला, ज्येष्ठ यांच्या भाड्याच्या घरांचा विचार केलाय हे मला मनापासून आवडलं. पण जी वीस लाख आधीच उभी आहेत त्यांचं काय, त्यांचे रस्ते झालेत, लिफ्ट लागलेत, सिमेंट वाळलंय. आणि नुसतं बांधून घर भरत नाही हे तर सरकारी घरांनीच दाखवलंय. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं लॉटरीत जात नव्हती, पाण्याची बोंब हे मोठं कारण, मग लॉटरी सोडून प्रथम येणाऱ्याला द्यायची वेळ आली. मुंबईत माहुलला प्रकल्पग्रस्तांसाठी इमारतीच्या इमारती उभ्या केल्या, पण शेजारी रिफायनऱ्या, लोक आजारी पडायला लागले, जायलाच तयार होईनात. आणि आपल्या जळगावकरांना तर कोणी सांगायलाच नको, घरकुल प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं, गरिबांसाठी हजारो घरं म्हणून योजना निघाली, त्यातली थोडीच पुरी झाली, बाकीचे सांगाडे वर्षानुवर्षं उभे, २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावली, पुढे अपिलं झाली. पण ज्यांचं नाव त्या यादीत होतं त्यांची पोरं तोपर्यंत भाड्याच्या खोलीत मोठी झाली.

म्हणून मला वाटतं की या खासगी सर्व्हिसने आमच्यासाठी जे केलं ते महापालिकेने सगळ्यांसाठी करायला काय हरकत आहे. मालकाची चावी घ्या, घर तपासा, करार रजिस्टर करा, मुदत संपली की घर परत मिळेल याची हमी द्या, भाडं दोन महिने थकलं तर तेवढं तुम्ही द्या, आणि त्या बदल्यात मालकाने बाजारभावापेक्षा थोडं कमी भाडं घ्यायचं. केंद्राची २०२० ची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना होती त्यात सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरं भाड्याने द्यायचा विचार होताच, तोच खासगी बंद फ्लॅटपर्यंत आणा. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर सरळ वेगळा कर लावलाय. आपल्याकडे पहिल्याच दिवशी तसं करू नये असं माझं मत, कारण इथला मालक नानांसारखाही आहे, पेन्शनवर जगणारा आणि घाबरलेला. आधी भीती काढा, कराराच्या वादावर वर्षाच्या आत निकाल द्या, भाड्याने दिलेल्या घराची घरपट्टीतली सवलत चालू ठेवा. एवढं करूनही जो चार-चार फ्लॅट घेऊन कुलूप लावून बसेल त्याच्यावर मग खुशाल कर लावा, माझा पूर्ण पाठिंबा.

सर्व्हिसकडे परत येते. पहिला करार संपायच्या महिनाभर आधी त्यांनी आपणहून फोन केला, पोरींना राहायचंय, पाच टक्के वाढ चालेल का, आम्ही हो म्हटलं, नवा करार पुन्हा रजिस्टर केला, जुनाच पुढे चालू ठेवा असं त्यांनी एकदाही सुचवलं नाही, ही मोठी गोष्ट कारण खूप ठिकाणी दुसऱ्या वर्षी आळस करतात आणि तिथेच घोटाळा होतो. दोन वेळा भाडं उशिरा आलं, दोन्ही वेळा आधी कळवलं होतं. एकदा वरच्या मजल्यावरून गळती झाली तर प्लंबर त्याच दिवशी गेला. माझ्या स्टाफमधल्या दोघींनी आता आंबेगावचे त्यांचे फ्लॅट यांच्याकडे दिलेत, त्यांना मी रंगाचं लेखी घ्यायला आधीच बजावून ठेवलंय.

कोणाला द्यायचं असेल तर चावी एप्रिल-मे मध्येच द्या. जून-जुलैत अॅडमिशन आणि जॉइनिंगची गर्दी सुरू होते तेव्हा फ्लॅट रंगवून, जाळी लावून, नळाचं पाणी साफ करून तयार पाहिजे. जाताना शेवटच्या वर्षाची घरपट्टीची पावती, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीखताचा रजिस्ट्रीतला उतारा), मेंटेनन्सची नो ड्यूज आणि मालकाचं आधार-पॅन घेऊन जा, लाइट बिलावर अजून बिल्डरचं नाव असेल तर ते आधी बदलून घ्या, आमचे त्यातच पंधरा दिवस गेले. आणि फॉर्मवर "फॅमिली ओन्ली" आधीच टिक केलेलं असेल तर ते खोडून टाका.